जिन्यावरचा ठराव

बेबीताईंना खोकल्याची दुसरी उबळ आली तेव्हा सव्वाबारा वाजले होते, आणि ऑपरेशन चार वाजता होतं.

शरयूनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. उजवा दंड मोडलेला, झोळीत बांधलेला, त्यामुळे नणंदबाईंना धड कुशीवर वळता येत नव्हतं की उठून बसता येत नव्हतं. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्याचा आकडा सकाळी पंच्याण्णव होता, आता ब्याण्णव. त्यातलं शरयूला फारसं कळत नव्हतं. पण दूध उतू जायच्या आधी बाईला पाठमोरं असतानाही कळतं, तसं काहीतरी तिला सकाळपासून कळत होतं आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“पाणी देऊ का, ताई?”

“पाणी नको,” बेबीताई म्हणाल्या. “काल पुष्कळ पिऊन झालं.”

त्या हसल्या आणि हसण्याचा पुन्हा खोकला झाला.

काल रविवार होता. शरयूची चोवीस वर्षांची गुड्डी आपल्या एकसष्ट वर्षांच्या आत्याला धरणावर फिरायला घेऊन गेली होती. तिथे मोटारबोटीला दोर बांधून, पाठीला भलीमोठी छत्री लावून माणसाला पाण्यावरून उडवतात. बेत फक्त बघायचा होता, असं गुड्डी म्हणते. बेबीताईंनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि दर सहलीला पोरांच्या पिशव्या सांभाळत त्या काठावर बसल्या. काल म्हणाल्या, आज पिशवी तू धर. वर गेल्या, खाली ऐकू येईल इतक्या मोठ्यानं हसल्या, आणि बोटीचं इंजिन बंद पडलं. छत्री मिटली, दोऱ्या गुरफटल्या, आणि बोटवाल्यांनी त्यांना वर ओढेपर्यंत दोनेक मिनिटं गेली. पाणी ओकल्या. दंड लोंबत होता. पहिलं वाक्य बोलल्या ते असं, की माझा चष्मा गेला.

हे घरातल्या पाचही जणांना ठाऊक होतं. दवाखान्याच्या कागदावर मात्र लिहिलेलं होतं की पेशंट घराच्या जिन्यावरून पडली.

ते जिन्याचं ठरलं होतं काल दुपारी, याच राइट टाउनच्या दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये, आणि अगदी रीतसर ठरलं होतं. गावंड्यांच्या घरात सगळं रीतसरच ठरतं. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली, हायकोर्ट जबलपूरला आलं, आणि फायलींच्या पेट्यांबरोबर लक्ष्मणराव गावंडे नावाचे कारकूनही नागपूरहून इथे आले. लोक घरात भांडतात; लक्ष्मणराव ठराव मांडायला लावायचे. त्यासाठी एक वही होती. मांडणारा एक, अनुमोदन देणारा एक, खाली सगळ्यांच्या सह्या. सही झाली की बाहेर त्याविरुद्ध चकार शब्द काढायचा नाही. रद्द करायचा तर मांडणाऱ्यानंच. लक्ष्मणरावांना जाऊन एकवीस वर्षं झाली तरी वही चालू होती, आणि आता ती थोरल्या चिंतामणरावांच्या पिशवीत असायची. सह्या घरच्या मुलामुलींच्या. सुनांच्या नाहीत. सून साक्षीदार असते, पक्षकार नसते, असं लक्ष्मणराव म्हणायचे, आणि त्याचा अर्थ त्यांना तरी कळत होता की नाही कोण जाणे.

शरयू या घरात आली तीसुद्धा त्रेसष्टाव्या ठरावानं. लग्नानंतर तिनं तो वाचला होता. ‘चि. दिवाकर याचे लग्न अकोल्याच्या मुलीशी करावे.’ नावसुद्धा नव्हतं.

बेहोशीच्या डॉक्टरीणबाई आत आल्या तसे त्यांच्यामागोमाग चिंतामणराव आले, आणि त्यांच्यामागे दिवाकर आणि गुड्डी. बाईंनी आकडा पाहिला, छातीला नळी लावली, पुन्हा लावली.

“ये खाँसी कब से है माताजी को?”

बेबीताईंनी भावाकडे पाहिलं.

“पुरानी है, मैडम,” चिंतामणराव म्हणाले. “मास्टरनी थीं न. चॉक की धूल. सर्दियों में रहती ही है.”

“अच्छा. और कल भर्ती के समय बाल गीले लिखे हैं?”

“नहाके छत पे गई थीं, बाल सुखाने. उतरते में पाँव फिसला.”

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज टाकलं की शरयूला क्षणभर स्वतःच्या घरचा जिना ओला दिसला. गुड्डीनं तोंड उघडलं. दिवाकरनं तिचं मनगट धरलं.

“कल का एक्स-रे तो साफ़ था,” डॉक्टरीणबाई स्वतःशीच म्हणाल्या. “हल्का बुखार भी है. चलो, पुरानी खाँसी है तो भाप देते हैं. साढ़े तीन बजे फिर देखूँगी.”

त्या गेल्या. बेबीताईंच्या नाकातोंडावर वाफेचा मुखवटा चढला आणि त्यांचे डोळे तेवढे बाहेर राहिले. त्या डोळ्यांकडे बघायला शरयूला धीर होईना.

*

चिंतामणरावांनी विमा कंपनीच्या कचेरीत बत्तीस वर्षं काढली होती. आयुर्विम्यात. एका शब्दानं फाइल कशी बुडते हे त्यांच्याइतकं घरात कुणाला ठाऊक नव्हतं, कारण बुडालेल्या कितीतरी फायलींवर ‘नामंजूर’ हा शब्द त्यांच्याच अक्षरात होता.

बेबीची आरोग्याची पॉलिसी त्यांनीच निवडली, फॉर्म त्यांनीच भरला. शाळा खासगी, पेन्शन नाही. तिच्याकडे काय असेल तर ही पॉलिसी आणि विजय नगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्या. जिना दिवाकरच्या घरचा घ्यावा लागला तो म्हणूनच. काल गुड्डीचा रडका फोन आला तेव्हा चिंतामणरावांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा पॉलिसीचं ते पान आलं. काय मिळणार नाही त्याची यादी. त्यात छत्री लावून उड्या मारणं होतं, डोंगर चढणं होतं, वेगाच्या नदीत नाव घालणं होतं. बहीण आठवली ती त्यानंतर. हे त्यांच्या मनाला कालपासून टोचत होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

वऱ्हांड्यात आल्याबरोबर गुड्डीनं मनगट सोडवून घेतलं.

“मोठे बाबा, खांसी जुनी काहून म्हटलं तुम्ही? आत्याला कधीच नव्हती.”

“हळू बोल.”

“हळूच बोलून राहिली मी. आत्या पाण्याच्या खाली होती. मी बघितलं ना. तिच्या छातीत पाणी गेलं असेल तर? मॅडमला हे माहीत नको का?”

“हाताचं ऑपरेशन आहे बेटा, हाताचं. छातीचा त्यात काय संबंध?”

“पण बेहोश करणार ना?”

चिंतामणरावांनी दिवाकरकडे पाहिलं. धाकटा भाऊ वीज मंडळात होता, बावन्न वर्षांचा होता, आणि दोन्ही बाजूंना सारखीच मान हलवण्यात त्याचा हात धरणारा जबलपुरात कुणी नव्हता.

“दादा,” दिवाकर म्हणाला, “आकडा मात्र उतरून राहिला. पोरगी चूक नाही म्हणत.”

“तू अनुमोदन दिलं आहे.”

“दिलं आहे.”

“मग?”

“नाही, मी काय म्हणून राहिलो, की जिना राहू दे, वर थोडंसं पाण्याचं पण सांगितलं तर…”

“जिन्यात पाणी कुठून आणतोस, दिवाकर?” चिंतामणरावांचा आवाज चढला आणि त्यांनी तो खाली आणला. “आज पुढचं सांगायचं तर मागचं खोटं होतं हे पण सांगावं लागते. कागद एकदा बदलला की तो कागद मेला. बत्तीस वर्षं मी हेच करून राहिलो होतो. क्लेम जाईल. मग तिच्या त्या दोन खोल्या विका. राहील कुठं ती?”

“आमच्याकडे राहतील,” शरयू दारातून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली कुणालाच कळलं नव्हतं.

“विचारून पहा तिला, राहते का.”

बेबीताई दिवाळीलासुद्धा तीन दिवसांवर राहत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं.

“मग मीच सांगते,” गुड्डी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. “मी नेलं होतं आत्याला. माझी गलती आहे. क्लेम गेला तर मी नोकरी करून…”

“गुड्डी,” दिवाकर म्हणाला, “तुझी सही आहे बेटा.”

ती थांबली. वहीत तिची सही काल पहिल्यांदाच घेतली गेली होती. कॅन्टीनच्या चिकट टेबलावर मोठ्या बाबांनी पेन तिच्या हातात दिलं तेव्हा रडता रडताही आपण मोठ्या माणसांत आलो असं तिला वाटून गेलं होतं. आता त्या वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

चिंतामणरावांनी घड्याळ पाहिलं. दीड. अडीच तास. हात जुळला की सगळं मार्गी लागेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

*

मुखवट्याच्या आत बेबीताई मोजत होत्या. आत घेताना तीन, सोडताना चार. गणिताच्या बाईंना हिशेब लगेच लागला: घेतलेलं पुरत नव्हतं.

वरून धरण कसं दिसलं होतं ते त्या पुन्हा पुन्हा आठवत होत्या, म्हणजे भीती थोडी मागे सरे. पाणी हिरवं होतं. काठावरची माणसं कडेला सांडलेल्या साबुदाण्याएवढी. त्यातला पिवळा दाणा म्हणजे गुड्डी, आणि तिच्या हातात आपली पिशवी. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातात कुणाचं काही नाही, असं तेव्हा मनात आलं आणि त्यांना हसू फुटलं होतं. ते हसू काही केल्या कुणाला सांगता येणार नव्हतं. आता त्या जिन्यावरून पडल्या होत्या. एकसष्टाव्या वर्षी बायका जिन्यावरूनच पडतात.

“बेबी,” चिंतामणराव खुर्ची ओढून बसले. “आणखी थोडा धीर धर. चारला नेतील, सहाला बाहेर.”

बेबीताईंनी मुखवटा डाव्या हातानं खाली केला. “दादा, श्वास पुरत नाही रे.”

“भापेनं मोकळं होईल.”

“तुला वाटते ना तसं?”

“हो.” दादा लहानपणी खोटं बोलला की कानाची पाळी ओढायचा. सहासष्टाव्या वर्षीही ओढत होता. “तुझ्यासाठीच करून राहिलो, बेबी. बाबांना शब्द दिला होता मी, तुझं सगळं पाहीन म्हणून.”

ते खरं होतं. त्यानं सगळं पाहिलं होतं. शाळेचा अर्ज त्याच्या अक्षरात होता, खोल्यांचा करार त्याच्या अक्षरात होता. एक्केचाळिसावा ठरावही त्याच्याच अक्षरात होता: ‘दिवाकर लहान आहे व आईची तब्येत नरम आहे, तरी बेबीच्या लग्नाचा विचार दोन वर्षांनी करावा.’ त्याखाली बेबीताईंची स्वतःची सही होती, वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेली. ती दोन वर्षं अजून संपायची होती. पण सही मोडायची त्यांना कधी बुद्धी झाली नाही. या घरात माणसं रुसली, पडली, गेली, सही कुणी मोडली नाही.

दादा कागद बघायला उठून गेला. शरयू आत आली आणि तिनं आधी आकड्याकडे पाहिलं. एकोणनव्वद.

“शरयू,” बेबीताईंनी तिचा हात घट्ट धरला. बोटं थंडगार होती. “मला भीती वाटून राहिली गं.”

“ताई, सांगून टाकू या का?”

बेबीताईंनी डोळे मिटले.

“सही केली गं मी. डाव्या हातानं केली, पण केली.”

सुनेची सही नसते ही गोष्ट सत्तावीस वर्षांत शरयूच्या मनात कितीदा आली होती, आणि दरवेळी अपमान म्हणूनच आली होती. कारवर ठराव झाला, घराच्या वरच्या मजल्यावर झाला, गुड्डीच्या शाळेवर झाला. तिनं चहा करून दिला आणि दिवाकरनं सही केली. मोठ्या जाऊबाई सत्यभामावहिनी सदतीस वर्षं या घरात राबून गेल्या. वहीत त्यांच्याविषयी एकच ओळ आहे, आणि ती त्यांच्या तेराव्याच्या जेवणाची. आज ती जुनी गोष्ट शरयूच्या मनात आली आणि वेगळीच वाटली.

“मी नाही केली, ताई,” ती म्हणाली.

*

चिंतामणराव दिवाकरला घेऊन वऱ्हांड्याच्या टोकाला विम्याच्या खिडकीपाशी उभे होते. शरयूला झपाझपा येताना पाहून ते वाटेत आले.

“कुठं चालली, शरयू?”

“डॉक्टरीणबाईंकडे.”

“काहून?”

“ताई पाण्यात पडल्या हे सांगायला.”

“ठराव झाला आहे.”

“झाला असेल, दादा. माझी सही नाही त्याच्यावर.”

चिंतामणरावांचा चेहरा उतरला. सत्तावीस वर्षांत ही बाई त्यांच्यासमोर पदर सावरून ‘हो दादा’ याच्यापलीकडे फारसं बोललेली नव्हती. त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. “दिवाकर, समजव हिला.”

दिवाकर पुढे आला. तो बायकोच्या आणि डॉक्टरांच्या खोलीच्या दाराच्या मधोमध उभा राहिला, आणि शरयूनं त्याच्याकडे पाहिलं.

“एकोणनव्वद झाला आहे,” ती म्हणाली. “तुमची ताई आहे. तुम्हाला अंगाखांद्यावर वाढवलं तिनं.”

दिवाकरनं भावाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग तो एक पाऊल बाजूला झाला. बोलला काहीच नाही. त्याची सही होती. पण हात मागे नेऊन त्यानं दार मात्र उघडून दिलं.

आत डॉक्टरीणबाई डब्यातली पोळी खात होत्या. शरयूचं हिंदी भाजीवाल्याशी बोलण्याइतपत बरं होतं; तिथे उभं राहिल्यावर तेही पळालं. तिनं टेबलाची कड धरली.

“मैडम, वो सीढ़ी वाला झूठ है. हमने लिखाया. दीदी डैम पे उड़ने गई थीं, वहाँ से पानी में गिरीं. दो मिनट नीचे थीं, रस्सी में. पानी की उल्टी हुई. खाँसी पुरानी नहीं है, मैडम. कल रात से है.”

डॉक्टरीणबाईंच्या हातातला घास डब्यात परत गेला.

“दो मिनट?”

“मेरी बेटी ने देखा.”

“और आप लोग अब बता रहे हैं?”

उत्तरासाठी बाई थांबल्याच नाहीत. त्या हातही न धुता निघाल्या, चालता चालता नर्सला हाका मारत. पुढच्या दहा मिनिटांत ऑपरेशन रद्द झालं, एक्स-रेचं चाकांचं यंत्र खाटेपाशी आलं, आणि बेबीताईंना मोठा मुखवटा लावून वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात नेलं. खाट लिफ्टमध्ये जाताना गुड्डी बरोबर धावली.

“आत्या, आईनं सांगितलं. सगळं सांगितलं.”

बेबीताईंनी डाव्या हाताचा अंगठा हलवला, की तो आपोआप हलला, ते गुड्डीला कळलं नाही.

नवा एक्स-रे घेऊन डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा राग ओसरला होता आणि थकवा उरला होता. दोन्ही फुप्फुसांत खाली पांढरं दिसत होतं. तलावाचं पाणी, त्यातला गाळ, आणि वर संसर्ग. रात्रभर तो वाढत होता.

“मैं इन्हें पुरानी खाँसी समझकर बेहोशी दे देती…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. चष्मा काढून पुसला. “अड़तालीस घंटे देखने पड़ेंगे. अभी कुछ नहीं कह सकती.”

चिंतामणराव भिंतीला टेकून उभे होते. कानाची पाळी ओढायला त्यांचा हात वर गेला आणि तिथेच राहिला.

*

साडेचारला ते विम्याच्या खिडकीपाशी परत गेले. तिथे बसणारा अंबादास त्यांच्याच भाषेचा होता. गोहलपुरात वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, आणि मराठी बोलायची संधी तो सोडत नसे.

“फॉर्म परत पाहिजे,” चिंतामणराव म्हणाले. “त्यात कारण चुकीचं आहे. चुकीचं म्हणजे, मी खोटं लिहिलं.”

अंबादासनं फॉर्म काढला. चिंतामणरावांनी सगळं सांगितलं, एखाद्या परक्या फाइलीचा गोषवारा सांगावा तसं, आणि शेवटी म्हणाले, “नामंजूरच होईल, मला माहीत आहे. उडणं यादीत आहे.”

“काका, पॉलिसीचं पान आहे ना तुमच्याजवळ? वाचा ना जरा.”

“वाचलं आहे मी.”

“पुन्हा वाचा. मोठ्यानं.”

चिंतामणरावांनी पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला आणि यादीच्या वरची बारीक ओळ वाचायला लागले. धोक्याचे किंवा साहसी खेळ, त्यात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे लागणारे उपचार. ते अडखळले.

“व्यावसायिक म्हणून,” अंबादास म्हणाला. “मतलब ज्याचा तो धंदा आहे. तुमच्या ताईंचा उडायचा धंदा आहे का?”

“गणित शिकवायची ती.”

“मग? सगळ्या पॉलिसी अशा नसतात, पण तुमची तर आहे. खरं लिहिलं असतं तर या ओळीनं काही अडत नव्हतं.”

चिंतामणराव कागदाकडे बघत राहिले. यादी त्यांनी काल फोन ठेवल्या ठेवल्या वाचली होती. उड्या, डोंगर, नाव, सगळं वाचलं होतं. यादीच्या वरची ओळ वाचायची राहिली होती. बत्तीस वर्षं लोकांच्या कागदांतली राहिलेली ओळ त्यांनी बोट ठेवून दाखवली होती, आणि त्याच बोटानं आज बहिणीला टेबलावर झोपवत होते.

“आता?” त्यांनी विचारलं.

“आता दुरुस्तीचं पत्र द्या. काय झालं ते लिहा, पहिले खोटं काहून लिहिलं ते पण लिहा. डॉक्टरची नवी नोंद लावू. कंपनी विचारेल, माणूस पाठवेल. पास होते का नाही, ते मी कसं सांगू, काका? ते जिन्यानं अवघड करून ठेवलं.”

पत्र लिहिताना चिंतामणरावांचं ते मोत्यांसारखं अक्षर दोनदा बिघडलं.

*

बुधवारी सकाळी आकडा पंच्याण्णव झाला. ताप उतरला होता. हात अजून तसाच झोळीत होता, त्याचं पुढच्या आठवड्यात पाहू म्हणाले. विम्याचा काही निरोप नव्हता. भेटायला एकेकालाच सोडत होते, पण नर्सनं कंटाळून चौघांनाही आत येऊ दिलं.

चिंतामणरावांनी पिशवीतून वही काढली. दोन दिवसांत ते खचल्यासारखे दिसत होते. जिन्याच्या, म्हणजे एकशे बाराव्या ठरावावर त्यांनी आडवी रेघ मारली, ‘मांडणाऱ्याने रद्द केला’ असं लिहून सही केली, आणि पान उलटलं.

“बेबी, काय झालं ते तू सांग. तुझ्या शब्दांत लिहितो.”

“किती उंच गेले होते ते लिही आधी,” बेबीताई हळूहळू म्हणाल्या. आवाज अजून घोगरा होता. “गुड्डी, किती गं?”

“शंभर फूट तरी असेल, आत्या.”

“शंभर लिही. आणि वरून सगळं धरण दिसलं, ते पण लिही.”

“ते ठरावात बसत नाही, बेबी.”

“बसव.”

चिंतामणरावांनी बसवलं. बेबीताईंनी डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली, मग गुड्डीनं, मग दिवाकरनं. चिंतामणरावांनी सर्वांत शेवटी केली. मग त्यांनी पट्टी घेतली आणि सह्यांच्या खाली आणखी एक ओळ आखली. पेन शरयूसमोर धरलं.

“बाबांचं चुकलं,” ते म्हणाले. “माझं पण. कर सही.”

दिवाकरनं बायकोकडे पाहिलं. गुड्डीचा चेहरा उजळला होता. सत्यभामावहिनींनी ही ओळ पाहायला हवी होती, असं शरयूच्या मनात आलं. तिनं पेन हातात घेतलं. ती रिकामी ओळ तिनं नीट पाहून घेतली. मग पेनाला टोपण लावलं आणि ते दादांच्या खिशाला अडकवून दिलं.

“नको, दादा,” ती म्हणाली. “घरात एक जण बिनसहीचं राहू द्या.”

चिंतामणरावांनी मान हलवली आणि वही मिटली. शरयूनं खाटेच्या कठड्यावरून वाकून चिमट्याचा आकडा पाहिला. शहाण्णव होता.